दिवाळीनंतरचे चौकोन

अहो, जरा वर बघा. शिक्षकांच्या खोलीत, कपाटाच्या वर, घड्याळाशेजारी पांढरी फळी टांगलीये ना? तो मीच. गणिताच्या वार्षिक नियोजनाचा तक्ता. नाव भारदस्त आहे, काम साधं. कुठल्या इयत्तेला कुठल्या महिन्यात काय शिकवायचं, ते मी सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत माझा जन्म झाला. पाथर्डीच्या सुतारानं प्लायवूड कापून दिलं आणि आमच्या मुख्याध्यापकांनी, काकासाहेब सरांनी, मला टेबलावर आडवं घालून दोन दिवस रंगवलं. आडव्या ओळी सहा, पाचवी ते दहावी. उभे रकाने अकरा, जून ते एप्रिल. प्रत्येक चौकोनात एक धडा. सरांचं अक्षर असं की तपासणीला आलेले साहेब चहा गार होईपर्यंत माझ्याकडे बघत बसायचे. मला त्याची ऐट होती, खोटं कशाला बोलू?

दुपारी सगळे तासावर गेले की खोली रिकामी होते. पंखा चालू राहतो, त्याच्या वाऱ्यानं मी खिळ्यावर हलके हलके डुलतो आणि माझा डोळा लागतो. मग मला एकच स्वप्न पडतं. पोरं माझ्या चौकोनांतून चालत असतात. जूनमध्ये पाचवीच्या ओळीत शिरतात, एप्रिलच्या टोकाला पोचतात, मग खालच्या ओळीत उतरून पुन्हा जूनपासून चालू लागतात. सातवीत त्यांना वर्तुळाचा परीघ भेटतो. आठवीत त्याच वर्तुळात जीवा येते, नववीत जीवेचे गुणधर्म, दहावीत बाहेरून येऊन टेकणारी स्पर्शिका. दर वर्षी तेच वर्तुळ, पण पोरांबरोबर तेही मोठं होत जातं. किती छान जमवलंय, असं मनाशी म्हणत मी आणखी गाढ झोपायचो.

मला वाटायचं, सगळीच पोरं अशी चालतात. पण भिंतीवरून मला वर्ग थोडेच दिसतात?

या वर्षी ऑगस्टमध्ये दहावीचं वर्तुळ सुरू झालं. निकिता मॅडम शाळेत नवीनच आलेल्या, गणिताच्या. एका मधल्या सुट्टीत त्या एका मुलीला घेऊन खोलीत आल्या. सुकन्या तिचं नाव. हातात चाचणीचा पेपर. बीजगणितात पैकीच्या पैकी आणि भूमितीत वर्तुळाची पानं कोरी.

"अगं, जीवा म्हणजे काय एवढंसुद्धा लिहिलं नाहीस?" मॅडम म्हणाल्या. "हे तर आठवीतलं आहे."

"मला न्हाई माहीत, मॅडम."

"नववीत काय केलंस मग? सातवीत?"

सुकन्या हळूच म्हणाली, "वर्तूळ कवाच शिकले न्हाई मी. पाचवीत कंपासनं गोल काढलेला, तेवढाच."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तू ऊसतोडीला जातेस का गं? कधी?"

"दिवाळी झाली का. येतो आमी एप्रिलात."

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या अंगावर बोट ठेवलं. नोव्हेंबरपासून पुढं. सातवी, डिसेंबर: वर्तुळ. आठवी, फेब्रुवारी: वर्तुळ. नववी, नोव्हेंबर: वर्तुळ. आणि दहावीला मात्र ऑगस्टमध्ये.

माझी तर झोपच उडाली! अकरा वर्षं हे माझ्याच अंगावर लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. बीजगणित या पोरीनं म्हणे उसाच्या फडात पुस्तक वाचून, एकटीनं सोडवलं होतं. भूमितीला मात्र कुणीतरी काढून दाखवावं लागतं. आणि दाखवलं जात होतं तेव्हा ती इथं नव्हती. आठवीच्या बाई म्हणत, सातवीत झालंय. नववीचे सर म्हणत, आठवीत झालंय. कुणीच खोटं बोलत नव्हतं. लाज वाटली हो मला.

"दादा म्हनलेत," सुकन्या म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील, अंगद. "सहामाहीला पास झालीस तर चुलतीकडं ऱ्हा, बोर्डाला बस. न्हाईतर कोयत्यावर चल. यंदा सोयरीक पन आलीय."

मॅडम तशाच मुख्याध्यापकांकडं गेल्या आणि त्यांना माझ्यासमोर घेऊन आल्या.

काकासाहेब सर आधी चिडलेच. "क्रम पुस्तकाचा आहे, मॅडम. मी माझ्या मनानं नाही लिहिला."

"क्रम बरोबर आहे, सर. पण ज्या महिन्यात वर्तुळ आहे त्या महिन्यात निम्मा वर्ग नाही."

सरांनी हजेरीपत्रकं मागवली, डिसेंबरची पानं उलटली आणि गैरहजेरीच्या खुणा बोटानं मोजल्या. "अरे देवा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते ब्रश घेऊन आले. मला खाली उतरवलं आणि सातवी, आठवी, नववीचं वर्तुळ पुसून सप्टेंबरमध्ये लिहिलं. पहिल्या आठवड्यात सातवीचं, मग आठवीचं, मग नववीचं. जुन्या रंगावर अक्षर जरा वाकडं आलं. मला ते आवडलं.

आणि मग गंमत बघा. दहावीतली एवढी मोठी पोरगी सप्टेंबरचा पहिला आठवडा गणिताच्या तासाला सातवीत जाऊन बसली. तिची धाकटी बहीण पूजा त्याच वर्गात. बारकी पोरं खी खी करत. पूजानं म्हणे बाकावर सरकून जागा दिली आणि दटावलं, "तायडे, गप बस आन् फळ्याकडं बघ!" दुसऱ्या आठवड्यात सुकन्या आठवीत गेली, तिसऱ्यात नववीत, चौथ्यात मॅडमनी तिला स्पर्शिका शिकवली. तेव्हा दुपारी मला पडायचं ते स्वप्न बदललं. एक लांब वेणीची मुलगी माझ्या ओळींवरून झपाझप उतरत असायची, आणि पायाखालचा प्रत्येक गोल थांबून नीट बघायची.

सहामाही झाली. दिवाळी झाली. शाळा उघडली त्या सकाळी रस्त्यावर मुकादमाचा टेम्पो उभा होता, राहुरीकडच्या फडावर जायला. बोचकी, भांडी, सगळं भरलेलं. अंगद दादा चपला दाराबाहेर काढून खोलीत आले. पाठीमागं दोन्ही पोरी.

निकिता मॅडमनी भूमितीचा पेपर त्यांच्या हातात दिला. "चाळीसपैकी एकतीस, दादा."

दादांना आकडा कळला. त्यांनी पेपर दोन्ही बाजूंनी पाहिला, परत दिला आणि सुकन्येला म्हणाले, "चुलतीचं ऐकायचं. शेळ्यांचं बघायचं. आन् पेपर चांगला लिव्हायचा." सुकन्या ढसाढसा रडायला लागली. मॅडमनीही पदर डोळ्याला लावला. मला हात असते तर मीही डोळे पुसले असते.

मग दादांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ह्ये काय हाय?"

"वर्षभरात कुठल्या वर्गाला काय शिकवायचं, ते," काकासाहेब सर म्हणाले.

दादांनी पूजाला पुढं ओढलं. "ही येती आमच्या बरूबर. घरात दोघींना कोन सांभाळनार? हिचं काय ऱ्हाईल, ते सांगता का?"

पूजा टाचा उंचावून स्वतःच वाचायला लागली. सातवीची ओळ, नोव्हेंबरपासून. बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्यानं. मधेच थांबून बहिणीला म्हणाली, "तायडे, वर्तूळ न्हाई ह्यात. त्ये मला येतंय." आणि पुन्हा पुढं वाचू लागली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता, तरी तिनं एप्रिलपर्यंत वाचलं आणि मगच पळाली.

आता दुपार आहे, पंखा चालू आहे, पण झोप येत नाही. एक वर्तुळ अलीकडं आलं, बाकी सगळं होतं तिथंच आहे. मी फळी, मला काही खोडता येत नाही, लिहिता येत नाही. ज्यांच्या हातात ब्रश आहे त्यांना एवढंच विनवतो: पुढच्या मे महिन्यात मला पुन्हा टेबलावर घ्या. आणि लिहायला बसाल तेव्हा पूजाला शेजारी बसवा. काय राहिलं ते तिला पाठ आहे.