तडकलेले पापड

पापड तडकायला लागले आणि आमच्या चाळीतल्या बायकांनी खापर फोडलं सपनाच्या डोक्यावर.

नीट सांगते. नितेश रोज सकाळी टेम्पोतून उडदाचं तिंबलेलं पीठ आणतो. आम्ही घाटकोपरच्या भटवाडीतल्या बायका ते घरी लाटतो, उपड्या टोपल्यांवर वाळवतो. माल जातो दुबईला. सपना आमच्यात नवी. नवरा गेल्यावर तिने हे काम धरलं. हात असा की पापडातून पलीकडचं दिसावं! म्हणून पिठाचे गोळे वाटायचं कामही तिच्याकडेच आलं.

एप्रिलात सगळ्यांचेच पापड वाळता वाळता चिरायला लागले. दुबईहून तक्रार आली, पाकिटात नुसता चुरा. आमच्यातली मोठी सुगंधाताई म्हणाली, "कुणीतरी पाळीत पिठाला हात लावतंय." आणि नजर सपनाकडे.

सपना फटकन म्हणाली, "लावते की! आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, ताई. विटाळ आमच्या आज्यानेच सोडला."

झालं! तिचं पीठ बंद. मी कडाकडा भांडले. पण सुगंधाताईचं एकच, "शकु, तू मध्ये पडू नकोस."

सपना घरी बसली, तरी पापड तडकतच होते. मग म्हणे, तिची सावली पडते. ती नळावर निघाली की बायका टोपल्या आत ओढायच्या. सपना आधी हसायची. नंतर खाली मान घालून जायला लागली. मेल्यांनो, लाज कशी नाही वाटली तुम्हाला?

शेवटी मीच टेम्पोपाशी नितेशला धरलं. "खरं बोल, पिठात काय घालतोस?"

"काकी, ब्रह्मदेशात भूकंप झाला ना मार्चमध्ये. आमचा उडीद तिकडूनच यायचा. गोदाम बसलं, माल गाडला गेला, आतले हमालसुद्धा. दुबईची ऑर्डर तर द्यायचीच होती. शेठने तांदळाचं पीठ मिसळलं."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुम्ही बायकांनीच कारण शोधलं होतं. मी कशाला बोलू?"

माझं डोकंच फिरलं. गॅलरीत उभी राहून सगळ्यांना ओरडून सांगितलं. सुगंधाताई टोपल्या सारख्या करत म्हणाली, "बरं, येऊ दे तिला." चुकलं म्हणून कुणी बोललं नाही.

मी तशीच पिठाच्या हातांनी सपनाकडे गेले. दाराशी कोपऱ्यात चटईवर बसली होती.

"चल गं, पीठ आलंय. भूकंपामुळे झालं सगळं. तुझा काही संबंध नाही."

तिने पाय पोटाशी घेतले.

"भूकंप झाला असेल, काकी. पण तेव्हा माझी पाळीही होती ना."

"अगो, वेडी काय तू?" मी हात पुढे केला.

ती भिंतीला सरकली. वर बाबासाहेबांचा फोटो होता.

"शिवू नका, काकी," ती म्हणाली. "आज दुसरा दिवस आहे."