रविवारचं पाव लिटर तेल

झटका आला तेव्हा उस्तादांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि एक सोडून सगळे शब्द गेले. राहिलेला शब्द होता ‘बरोबर’. पाणी हवं असलं तरी बरोबर, उशी टोचत असली तरी बरोबर, पोटात कळ आली तरी बरोबरच. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या एकाही कामाला बरोबर म्हटलं नव्हतं, त्याच्या वाट्याला नेमका हाच शब्द यावा, याला काय म्हणायचं?

उस्ताद म्हणजे जुन्या गाड्यांचे मेकॅनिक. ज्या गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखानेही आता उरले नाहीत, अशा गाड्या त्यांनी चाळीस वर्षं चालत्या ठेवल्या. स्वभाव तिरसट, बोलणं मोजकं. शेजारी राहणारे गणिताचे मास्तर म्हणायचे, की उस्ताद गाडीशी जितकं बोलतात त्याच्या निम्मं माणसांशी बोलले असते तर एव्हाना निवडून आले असते. त्यांची स्वतःची एक गाडी होती, गोल दिव्यांची, करड्या रंगाची, त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. ती घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे. दवाखान्यातून घरी आणल्यावर बायकोने मुद्दाम त्यांचा पलंग त्या बाजूच्या खिडकीला लावला. गाडी दिसली की बरं वाटेल, असा तिचा हिशोब.

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक ताई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बायकोला बजावलं, की यांच्या मानेवर विसंबू नका. या दुखण्यात माणूस हो म्हणायला जातो आणि मान नाहीची हलते. शब्द मात्र जपा, हा एक टिकला तर त्याच्या मागून दुसरे येतील. बायकोने ते इतकं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून उस्तादांच्या मानेला घरात काही किंमत राहिली नाही. त्यांनी कितीही मान हलवली तरी ती म्हणायची, “असू दे, असू दे, दमू नका.”

मग लेकीचा फोन आला. ती दोन महिन्यांनी सुट्टी घेऊन येणार होती आणि बाबांना त्यांच्याच गाडीतून तळ्यावर नेणार होती. डॉक्टरांनी अर्धा तास बसायला हरकत नाही म्हटलं. तेव्हापासून बायकोच्या अंगात जणू बारा हत्तींचं बळ आलं. सकाळी उठल्यावर तळं, झोपताना तळं. गाडीत बसले, वारा लागला, ओळखीचा आवाज कानावर पडला की यांचं बोलणं सुटेल, अशी तिची खात्रीच झाली होती. ताईंनी तसं काही म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं.

तर गाडी तयार हवी. आणि गाडीला दुसऱ्या मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही, हे उस्तादांचं वाक्य तिने तीस वर्षं ऐकलं होतं. शिवाय ते दर रविवारी काय करतात हे तिने स्वयंपाकघराच्या दारातून तितकीच वर्षं पाहिलं होतं. गाडी सुरू करायची, पाच-सात मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून पुन्हा काढायची आणि तेल दोन खुणांच्या मधे कुठे आहे ते बघायचं. कमी असेल तर घालायचं. यात न समजण्यासारखं काय आहे?

पहिल्या रविवारी तिने हे सगळं केलं आणि पट्टी घेऊन खिडकीपाशी आली. तेल खालच्या खुणेच्याही जरा खाली होतं.

“बघा, वेळेवर हातात घेतलं म्हणून बरं,” ती म्हणाली. “आणि मी तुमच्यासारखी मधेच चहाला नाही हो उठत. एकदा काम हातात घेतलं की संपवूनच.”

चूक कुठे होतेय ते उस्तादांना तिथेच कळलं. गाडी बंद केल्यावर ते दर रविवारी आत येऊन चहा प्यायचे ते काही चहाच्या ओढीने नव्हे. इंजिन चालू असताना तेल वर सगळीकडे चढलेलं असतं. बंद केल्यावर ते खालच्या चेंबरमध्ये निथळून यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तोवर पट्टी खोटं बोलते. हे गॅरेजमध्ये कालच्या पोरालाही ठाऊक असतं. पण बायकोला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ती दर रविवारी कप पुढे ठेवताना चिडवायची, की गाडीपेक्षा तुम्हालाच तेलपाणी जास्त लागतं. आणि ते हसून कप तोंडाला लावायचे. तीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, अगं तेल खाली उतरतंय म्हणून थांबलोय, एवढं म्हणायला काय झालं होतं? हा प्रश्न आता ते दिवसातून शंभरदा स्वतःला विचारत होते, आणि उत्तर त्यांना आवडत नव्हतं. बायकोला काय कळतंय, हे ते उत्तर होतं.

“पाव लिटर घालते, चालेल ना?” तिने विचारलं.

उस्तादांनी मान हलवली, डावा हात हलवला, सगळा जीव जिभेवर आणला आणि म्हणाले, “बरोबर.”

तिने घातलं. दुसऱ्या रविवारी पट्टी पुन्हा कमी दाखवत होती. तिने पुन्हा घातलं. तिसऱ्या रविवारी गाडी सुरू झाली तेव्हा मागून निळसर धूर आला. उस्तादांना कळायचं ते कळलं. तेल खुणेच्या वर गेलं की इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ते ताकासारखं घुसळतो. त्याचा फेस होतो, फेस वरच अडकून राहतो, आणि पट्टी आणखीच कमी दाखवते. म्हणजे जितकं जास्त घालावं तितकं कमी दिसणार. मास्तर भिंतीपलीकडून डोकावले आणि म्हणाले, की वय झालं की सगळेच धूर सोडतात, मीही सोडतो. बायको हसली. उस्ताद पलंगावर दात ओठ खात पडून राहिले.

पाचव्या रविवारी गाडीखाली काळे थेंब दिसले. तेल अडवणारं इंजिनाचं मागचं सील दाबाने सुटायला लागलं होतं. बायको काळजीत पडली. आता गळतंय म्हटल्यावर घालायलाच हवं, नाही का? तिने तेलाचा मोठा डबाच आणून ठेवला. पट्टी घेऊन ती खिडकीशी आली तेव्हा उस्तादांनी डाव्या हाताने ती तिच्या हातातून हिसकावली आणि छातीशी घट्ट धरली. पट्टीच नसली तर मोजणार कशी, एवढाच त्यांचा डाव होता.  बायकोचे डोळे भरून आले.

“आठवतंय तुम्हाला,” ती म्हणाली. “सगळं आठवतंय, हो ना?”

“बरोबर,” उस्ताद म्हणाले. आणि हे एकच बरोबर खरोखर बरोबर होतं.

तिने एकेक बोट हळूच सोडवून पट्टी परत घेतली, ओल्या फडक्याने त्यांचा तळवा पुसला, सदरा बदलला आणि संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं, की बाबांनी आज पट्टी ओळखली. लेक फोनवर रडली म्हणे. उस्तादांना त्या मळलेल्या सदऱ्याबरोबर स्वतःच धुण्याच्या बादलीत जावंसं वाटलं.

गाडीचं त्यांना आता फारसं वाटेनासं झालं होतं. इंजिन काय, खोलून पुन्हा बांधता येतं, त्यांनी तसली शंभर बांधली होती. पण लेक गुरुवारी येणार होती. तळ्याच्या अर्ध्या वाटेत गाडी अडली, तर बायको काय समजेल? मी हात लावला आणि बिघडवलं, हेच समजेल. आणि त्या गाडीबरोबर तिने जी आशा बांधली होती, तीही रस्त्यावर बसेल. दीड महिना या बाईने एक दिवस कंटाळा केला नव्हता. तिला हे दिसू नये, यासाठी त्यांना फक्त एक शब्द हवा होता. थांब. ताईंसमोर त्यांनी तो घासून घासून म्हणून पाहिला. थ साठी ओठ उघडे ठेवायचे असतात, हेच ओठ विसरले होते. जीभ दाताकडे जायच्या आधी ब बाहेर पडायचा. ताई शाबासकी द्यायच्या, की आवाज किती स्वच्छ आलाय.

शेवटच्या रविवारी उस्तादांनी ठरवलं, की आज तोंडच उघडायचं नाही. ती त्यांनी बरोबर म्हटल्याशिवाय तेल घालत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. शब्द त्यांच्या हातात नव्हते, पण गप्प बसणं अजून होतं.

गाडी सुरू झाली. आतून बारीक ठोका ऐकू यायला लागला होता, तो बायकोला ऐकू येत नव्हता. गाडी बंद झाली. ती लगेच पट्टी घेऊन आली, पट्टीवर बुडबुडे होते.

“पाव लिटर?”

उस्तादांनी दात आवळले.

“अहो, पाव लिटर घालू ना?”

ते तिच्याकडे बघत राहिले. बघण्यात जेवढं घालता येईल तेवढं त्यांनी घातलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिने पट्टी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, आत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांच्या तोंडापाशी कान नेला.

“म्हणा ना. बरोबर म्हणा.” ती थांबली. “माझं नाव नका घेऊ, काही नको. तेवढं एक म्हणा.”

त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले. ती धडपडत उठली, फोन शोधायला लागली, ताईंचा नंबर तिला सापडेना. अहो, तोही शब्द गेला की काय, असं ती कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात पुटपुटत होती. तेलाचे डाग पडलेल्या तिच्या हातांतून फोन दोनदा खाली पडला. लग्नानंतर इतक्या वर्षांत उस्तादांनी तिला असं भ्यालेलं पाहिलं नव्हतं. दवाखान्यातही नाही.

त्यांना ते बघवलं नाही.

“बरोबर,” ते म्हणाले.

ती मटकन खाली बसली, त्यांचा निर्जीव हात गालाला लावून रडली, मग हसली, घाबरवता का हो असं, असं म्हणून पदराने डोळे पुसले. बाहेर जाऊन तिने डब्याचं झाकण उघडलं. उस्तादांनी मान हलवली, पण ती पाठमोरी होती. आनंदाच्या भरात तिने त्या दिवशी अर्धा लिटर घातलं.