रबरी नळी

"ते डबडं बाजूला ठेव, पोरी!" माझ्या हातातला बिघाड शोधायचा स्कॅनर बघून बाबा खेकसले. माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं मेकॅनिक असलेला हा माणूस कॉम्प्युटरवर चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचीही नाडी कानानेच बघणार! गाडी सिग्नलला थांबली की बंद पडायची. इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल साफ करून झाला होता. आता कुठून हवा आत शिरतेय, ते शोधायचं होतं.

बाबांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं चालू इंजिनाजवळ फिरवलं आणि डोळे मिटले. गाडीचा मालक घड्याळ बघत उभा होता. स्कॅनरवर इंजिनाचे मिनिटाचे फेरे सातशेवरून पाचशेवर, मग तीनशेवर आले.

"सापडलं!" बाबा म्हणाले. "फुसफुस ऐकू येतेय."

इंजिन केव्हाच बंद पडलं होतं. मालक तोंड उघडणार, तोच मी ओठांवर बोट ठेवलं.