हुंकाराएवढी जागा

पुंजाजींनी अंगठा मोबाइलच्या मधोमध दाबला आणि वाचणाऱ्याचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला.

"धावून राह्यला हा," ते म्हणाले. "कोनी मागं लागलं काय याच्या?"

सपना ओट्यावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. सासऱ्यांची ही तक्रार तिला नवी नव्हती. काचबिंदूने त्यांची नजर नेली तेव्हा अश्वजितने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आपला जुना मोबाइल वडिलांच्या हाती ठेवला होता. कादंबऱ्या वाचून दाखवणारे एक ॲप त्यात होतेच. ते कसे चालवायचे हे शिकवून तो वाशीमला नोकरीवर निघून गेला. आता महिन्यातून एखाद्या शनिवारी घरी येई. तेव्हापासून दुपारी बाजेवर पडून ऐकणे आणि ऐकलेल्याचा निकाल लावणे हा पुंजाजींचा नेम झाला होता.

त्यांचे निकाल कडक असत. एक बाई चांगली वाचत होती, पण दुःख यायच्या आधीच तिचा आवाज रडवेला होई. वाचणाऱ्याला पुढचे ठाऊक नसल्यासारखे वाचता आले पाहिजे, आणि रडणे ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा एक वाचक खेड्यातला माणूस आला की नाकात बोले. आपण काय नाकात बोलतो का, असे त्यांनी घरच्यांना विचारून घेतले होते. दोन प्रकरणांच्या मध्ये वाजणाऱ्या सनईला ते लग्नाची कॅसेट म्हणत.

आता सुरू होती ती धरणात बुडालेल्या गावाची कादंबरी. ती त्यांना मनापासून आवडली होती, आणि म्हणूनच तिच्या पुण्याच्या नावाजलेल्या वाचकावर त्यांचा राग अधिक होता.

"आवाज चांगला हाय त्याचा. समजूनही वाचते. पन हूं म्हनाले जागा ठेवत नाही."

आत चुलीपाशी बसलेल्या भागिरथाबाई म्हणाल्या, "जलमभर माह्यं एक वाक्य एवढा कान देऊन नाही आयकलं तुमी. मलेच आता मोबाइलमधी जाऊन बसा लागते."

पुंजाजी हसले नाहीत. ॲपवर पुस्तकाखाली मत लिहायची सोय आहे, हे त्यांना अश्वजितकडून कळले होते. त्यांनी सपनाला तिथेच लिहायला सांगितले: वाचणाऱ्याने ऐकणाऱ्याला सोबत घेऊन चालावे, पुढे पळून वाट पाहायला लावू नये. खाली त्यांचे पूर्ण नाव आणि जऊळका हे गाव. सपनाने ओल्या बोटांनी ते जसेच्या तसे लिहून पाठवले.

हुंकाराचा हा आग्रह गावच्या बुद्धविहारातून आलेला होता. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासूनच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचला जाई. आधी पुंजाजींचे वडील वाचत, त्यांच्यानंतर पुंजाजी. वाक्य संपले की समोरचे कोणीतरी 'हूं' म्हणे आणि मग पुढचे वाक्य सुरू होई. विहार रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नव्हता. मालगाडी आली की पुंजाजी ओळीवर बोट ठेवून थांबत, ती गेल्यावर तेच वाक्य पहिल्यापासून वाचत. गाडीच्या आवाजात एकही शब्द त्यांनी कोणाचा हरवू दिला नव्हता.

यंदा कोण वाचणार, हे विचारायला विहार समितीचे जगदेव येऊन गेले होते. सपनाने वाचावे, अशी समितीची इच्छा होती. ती शिकलेली, शाळेत शिकवणारी. तिला जमणार नसेल तर कोणाकडून तरी रेकॉर्डिंग मिळवून स्पीकरवर लावता येईल, असेही ते म्हणाले. त्यावर पुंजाजी एवढेच बोलले होते, की तिचे ती पाहील. मग कपाटाकडे चेहरा करून बराच वेळ बसले. निळ्या कापडात बांधलेला ग्रंथ त्या कपाटात होता.

सपनाने विचार करायला वेळ मागून घेतला. वाचायला तिची ना नव्हती. पण वर्गात धडा संपवण्याच्या घाईने तिची जीभ धावायला शिकली होती, आणि पुण्यातल्या स्टुडिओत बसून वाचणाऱ्याची जिथे धडगत नव्हती, तिथे तिचे काय होणार? पुंजाजी तिला कधी टाकून बोलले नव्हते. या एका गोष्टीत ते पहिल्यांदा बोलतील, याची तिला धास्ती होती.

एके दिवशी सासू-सासरे डोळ्यांत घालायचे औषध आणायला गेले असताना तिने मोबाइल चार्जिंगला लावायला उचलला. ॲप उघडेच होते. पडद्याच्या कोपऱ्यात १.२५ असा बारीक आकडा होता. तिने त्यावर बोट ठेवले, तेव्हा वेगांची रांग उघडली. अश्वजित परीक्षेची व्याख्याने अशीच पळवून ऐकत असे. कादंबऱ्यांनाही त्याने तीच चाल लावून ठेवली होती. सपनाने वेग एकवर आणला आणि वाचन सुरू केले.

तो माणूस धावत नव्हता. वाक्य संपल्यावर तो श्वास घेत होता, आणि त्या श्वासात एक हुंकार आरामात मावला असता.

ती बाजेच्या कडेवर बसली. आता पुंजाजींना सांगायला हवे होते. पण सांगायचे काय? ज्या कानाच्या भरवशावर तुम्ही एका परक्या माणसाला चारचौघांत बोल लावला, त्या कानाला एवढेही कळले नाही, हे? नजर गेल्यावर त्यांच्याकडे तो कानच तेवढा उरला होता. पाऊल वाजले की माणूस ओळखत, उकळीच्या आवाजावरून भात झाला म्हणून सांगत. तिने वेग एकवरच ठेवला आणि मोबाइल उशीशी, जिथे होता तिथे ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पुंजाजींनी ऐकायला सुरुवात केली आणि बऱ्याच वेळाने, वाचन चालू असतानाच, म्हणाले,

"सुधरला हा."

सपनाचे हात शेंगांवर थांबले.

"तू लिवलं होतं ना? वाचलं वाटते त्यानं."

"हाव मामाजी," ती म्हणाली. "वाचलं असन."

भागिरथाबाईंना हसू आवरेना. पुण्यातला माणूस यांचे ऐकतो आणि घरातली मांजर ऐकत नाही, असे त्या शेजारणीला सांगून आल्या.

सोमवारी सपना शाळेतून परतली तेव्हा बाजेवर कादंबरीचे पहिलेच प्रकरण लागले होते. बुडायच्या आधीच्या गावातला आठवडी बाजार. भागिरथाबाई चष्मा लावून मोबाइलवर वाकल्या होत्या. आवडली म्हणून पुन्हा पहिल्यापासून ऐकत असतील, असे समजून ती चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर मात्र पुंजाजींनी ही गोष्ट लावूनच धरली. जगदेव आले, त्यांना सांगितली. पिठाच्या गिरणीवर सांगितली. प्रत्येक वेळी सपना तिथून उठून जाई. तिचे एक लहानसे खोटे गावभर हिंडू लागले होते आणि ते परत बोलावण्याची सोय उरली नव्हती. पौर्णिमा जवळ आली तेव्हा एका सकाळी पुंजाजी तोंड धुता धुता म्हणाले,

"तो एवढा नावाजलेला. एका बोलण्यावर सुधरला. तू कायले भेतं?"

याला उत्तर होते, पण ते द्यायचे तर आधी खरे सांगावे लागले असते. सपनाने टॉवेल त्यांच्या हातात दिला.

"वाचीन," ती म्हणाली.

आषाढी पौर्णिमेला विहार भरला. वंदना झाली. पांढऱ्या लुगड्यांच्या रांगा चटयांवर टेकल्या. सपनाने निळे कापड सोडले. पुंजाजींची जागा समोर राखून ठेवली होती, पण ते तिथे न बसता मागे भिंतीला टेकून बसले.

तिने सुरुवात केली आणि पहिल्या पानातच तिला कळले की आपण धावत आहोत. वाक्यामागून वाक्य जात होते. कोणी हूं म्हणत नव्हते. म्हणायला ती जागाच देत नव्हती. समोरच्या एका म्हातारीने ओठ उघडले आणि पुन्हा मिटले. थांबावे असे सपनाला वाटे, पण थांबले तर आवाज कापेल या भीतीने ती आणखी पुढे जाई.

तेवढ्यात मालगाडी आली.

आधी खिडकीच्या गजांना कंप सुटला, मग आवाजाने सगळा विहार भरून गेला. सपनाने ओळीवर बोट ठेवले. डबे संपता संपेनात. तिने पहिल्यांदाच मान वर करून समोर पाहिले. सगळे थांबले होते; कोणाला घाई नव्हती. मागे भिंतीशी पुंजाजींनी आपला उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि त्या हाताचे एक बोट पुढे काढलेले होते, पान समोर असल्यासारखे.

गाडी गेली. सपनाने तेच वाक्य पहिल्यापासून वाचले आणि पूर्णविरामापाशी श्वास घेतला.

"हूं," भिंतीकडून आवाज आला.

तिने दुसरे वाक्य वाचले. या वेळी म्हातारीनेही हूं म्हटले, आणि तिच्या मागच्या दोघींनी.

परतताना भागिरथाबाई बायकांबरोबर पुढे गेल्या. पुंजाजी सपनाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. पाण्याच्या टाकीपर्यंत आल्यावर म्हणाले,

"उद्या सवड झाली का त्या पुन्याच्या पोराले लिवून टाक."

"काय लिहू?"

"का पुंजाजी तुले उगाच बोलला. तुही चूक नोयती."

सपना जागीच थांबली. खांद्यावरचा हातही तिच्याबरोबर थांबला.

"तुह्या सासूले मी पयला भाग लावाले सांगतला होता," ते सावकाश म्हणाले. "पाहावं म्हटलं, पयले कसा धावे. तर तोही सुधरलेला."

रस्त्यावर पुढे बायकांचे हसणे ऐकू येत होते. सपना पुन्हा चालू लागली, त्यांच्या पावलाला खडा लागू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत.

"एवढं हळू नको चालू," पुंजाजी म्हणाले. "पाय चांगले हायत माहे."