शेवटच्या कडव्यातलं नाव

“मास्तर, थे नाव लिहू नका,” म्हणत पुनाजीने माझा हात टाकासकट धरला.

पुनाजी कामाला होता त्या आर्वीच्या कापसाच्या जिनात दुपारची सुट्टी झाली होती. नागपूरच्या रेडिओ केंद्राकडून आलेला कागद माझ्या मांडीवर होता. ‘गायक’ या रकान्यात मी पुनाजीचं नाव लिहिलं होतं. त्याखाली ‘कवी’ असा रकाना होता आणि तिथेही मी त्याचंच नाव लिहायला निघालो होतो. ज्याने गाणं बांधलं त्याचं नाव लिहायचं, यात न समजण्यासारखं काय आहे? पण पुनाजीशी बोलताना डोकं थंड ठेवावं लागे, आणि ते मला कधी जमलं नाही.

“वस्ताद जिते हाय ना अजून,” तो म्हणाला.

खडी गंमतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, फडाचा हा दंडक मला ठाऊक होता. शाळा सुटल्यावर मीही त्या फडात झील धरत असे, म्हणजे शाहिराच्या मागे उभं राहून त्याचा सूर उचलत असे. शिष्याने कितीही गाणी बांधली तरी शेवटच्या कडव्यात नाव घालायचं ते गुरूचं. गुरू स्वतःच्या तोंडाने ‘आता तुझं नाव घाल’ म्हणेल, तेव्हाच स्वतःचं. पुनाजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याची पंधरा वर्षांतली एकसष्ट गाणी माझ्या वहीत होती. एकसष्टांच्या शेवटी त्याच्या वस्तादांचं, लहानू शाहिरांचं नाव, ‘लहानू म्हणे’ असं होतं. पुनाजी काय, लहानू काय, दोन्ही नावं सारख्याच वजनाची. बदललं असतं तर चालीला धक्काही लागला नसता.

रेडिओवाल्यांनी मागितलेलं गाणं त्याची बायको रुखमा हिच्यावरचं होतं. ती त्याच जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालायची. संध्याकाळी डोक्यावर रुई घेऊन घरी गेली की धाकटी पोर तिला ओळखायची नाही, भिऊन रडायची. त्यावर पुनाजीने बांधलं होतं:

रुई बसली माथ्यावरी, केस झाले पांढरे ग
माय आली दारी, लेक पुसे, कोण तू म्हातारे ग

हे गाणं ऐकून जिनातल्या बाया हातातलं काम सोडून उभ्या राहत. रुखमाचा मात्र त्याच्यावर राग होता. त्या दिवशी भाकरी सोडता सोडता तिने नवऱ्याला विचारलं, “माह्या डोक्यावरची रुई, अन् नाव काऊन त्या म्हाताऱ्याचं?” शेवटी, वस्तादांकडे जाऊन परवानगी मागायची असं ठरलं.

रविवारी आम्ही दोघे मोटारीने सेलूला गेलो. पुनाजीने धुतलेला फेटा बांधला होता आणि हातात नारळ होता. लहानू शाहीर ऐंशीच्या पुढे गेलेले, लेकीकडे राहत. लेक सुंदरा दारातच म्हणाली की बाबाला आता काही ध्यानात राहत नाही, माझ्या मायचं नावसुद्धा विसरले.

वस्तादांनी पुनाजीला ओळखलं नाही. कोण्या सोयऱ्याकडून आला असावा, असं समजून पावसापाण्याची चौकशी केली. पुनाजीने नमस्कार करून एवढंच विचारलं की एक गाणं ऐकवू का. मांडीवर ताल धरून त्याने रुईचं गाणं सुरू केलं. म्हातारा सावरून बसला. डोळ्यांत काहीतरी जागं झालं. शेवटी ‘लहानू म्हणे’ आलं तशी त्यांनी मान डोलावली.

“हे म्या जामले बांधलं होतं,” ते म्हणाले.

आणि मग सांगतच सुटले. जाम गावच्या रस्त्यावर झाडाखाली कापसाचं गाठोडं घेऊन बसलेली बाई, तिचं हिरवं लुगडं, मांडीवरचं पोर. त्या माणसाने जन्मात जिनात पाय ठेवला नव्हता! मी चुळबुळ करू लागलो, तसा पुनाजीने माझा गुडघा दाबला.

“हो वस्ताद,” तो म्हणाला. “मी तवा ढोलकीवर होतो.”

नारळ त्यांच्या पायाशी ठेवून तो उठला. परवानगीचा विषय निघालाच नाही.

परतीच्या मोटारीत मी त्याला वाटेल तसं बोललो. नेभळट म्हणालो, बायकोला काय तोंड दाखवशील म्हणालो.

“सोताच्या बायकोचं नाव बी त्याईच्या ध्यानातून गेलं,” तो म्हणाला. “एक गाणं आठवून राह्यलं, थे बी मीच काढून घेऊ का, मास्तर?”

पण माझा राग उतरला नाही. घरी येऊन मी कागदावर ‘कवी’पुढे पुनाजीचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि त्याला न सांगता पाकीट टपालात टाकलं. आपण एका माणसाचं भलं केलं, अशा तोऱ्यात मी महिनाभर हिंडलो.

नागपूरला गाण्याचं ध्वनिमुद्रण झकास झालं. पुनाजीने शेवटी सवयीप्रमाणे लहानूच म्हटलं आणि आम्ही झीलही तशीच धरली. काम संपल्यावर तिथले साहेब माझा कागद घेऊन बाहेर आले. कागदावर एक नाव आणि गाण्यात दुसरं, तेव्हा खरा कवी कोण, असं त्यांनी अगदी सौजन्याने विचारलं. पुनाजीने फक्त ‘मी’ म्हणायचं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने कागदाकडे पाहिलं. वाचता येत नसलं तरी काय झालंय ते त्याला कळलं असावं.

“मास्तरची चूक झाली, साहेब.”

साहेबांनी कागद माझ्यापुढे केला. वीस वर्षं पोरांच्या वह्यांवर काट मारत आलो, पण तशी काट मला कधी मारावी लागली नव्हती.

रुखमाला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. गाणं रेडिओवर लागायच्या दिवशी आम्ही ते वस्तादांबरोबर ऐकायला निघालो, तशी ती मात्र न्हाऊन, केस विंचरून आमच्याबरोबर सेलूला आली. माझ्याच अंगावरचं गाणं आहे, मी काऊन नको ऐकू, म्हणाली.

संध्याकाळी सहाला ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे पन्नासेक माणसं बसली होती. सुंदराने बापाला धरून आणलं आणि सतरंजीवर पुनाजीच्या शेजारी बसवलं. आधी नावं सांगितली: गायक पुनाजी आणि साथीदार, कवी लहानू शाहीर. लोकांनी म्हाताऱ्याकडे वळून हात जोडले. रुखमा खाली मान घालून बसली होती.

गाणं सुरू झालं. माय दारी येते ते कडवं आलं तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. गाणं संपलं, कापसाचे भाव सुरू झाले, लोक उठू लागले. वस्ताद मात्र हलले नाहीत.

“गानारा कोण हाय पण?” त्यांनी विचारलं. “चांगला गाते.”

पुनाजी बोलायच्या आत रुखमा पुढे सरकली. “तुमचाच हाय, बाबा,” ती म्हणाली. “तुमचाच चेला.”

“असं?” वस्ताद म्हणाले. “मंग त्याले सांगजो. आता सोताचं नाव घालत जाय म्हना. काय नाव हाय त्याचं?”

“पुनाजी,” रुखमा म्हणाली.

म्हाताऱ्याने उजवा हात मांडीवर घेतला. ओठांतल्या ओठांत गाण्याची शेवटची ओळ धरली आणि एकेका अक्षराला एकेक बोट मिटलं. पु, ना, जी.

“बसते,” ते म्हणाले. “चाल मोडत नाई.”

पुनाजीने खाली वाकून त्या हातावर कपाळ टेकलं. बोटं अजून मिटलेलीच होती.