काढून टाकलेली ओळ

“एकच ओळ आहे हो, तळटीपराव. ती पुसायला काय हत्ती लावायचेत?”

उमेदवाराचा मेहुणा खुर्चीत मागे रेलला. खुर्ची कण्हली. ती मुद्रितशोधकाच्या वजनाची होती, मेहुण्याच्या नव्हे.

तळटीपराव जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. लोक सांगत, की त्यांनी स्वतःच्या लग्नपत्रिकेवर ‘वधूची संमती : पुरावा हवा’ असं पेन्सिलीनं लिहिलं आणि म्हणूनच ते सडेफटिंग राहिले. छापखान्यातल्या एकानंही हे कधी खोडून काढलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ऑनलाइन ज्ञानकोशातली गावच्या पुढाऱ्यांची चरित्रं सांभाळायला घेतली. हा कोश असा, की कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं. कार्यकर्ते येऊन ‘युगपुरुष’ चिकटवून जायचे, विरोधक ‘दरोडेखोर’. तळटीपराव सकाळी दोन्ही झाडून काढायचे. एका सकाळी म्हणे त्यांनी अकरा युगपुरुष काढले आणि मगच दात घासले.

“त्या ओळीला पेपरचा संदर्भ आहे,” ते म्हणाले.

ओळ अशी होती : ‘कोसळलेल्या पाण्याच्या टाकीचे काम मंजूर झाले तेव्हा बांधकाम समितीचे सभापती हेच होते.’ टाकीखाली चार माणसं गेली होती, दहा वर्षांपूर्वी.

“रविवारी मतदान आहे, भाऊ उभे आहेत. शुक्रवारपर्यंत ती दिसता कामा नये.” मेहुणा उठला. “तुमच्या भगिनी पालिकेच्या दवाखान्यात आहेत ना? हंगामी?” हा शेवटचा शब्द त्यानं जिभेवर घोळवला.

आत भांडं आदळलं. धाकटी बहीण पदराला हात पुसत बाहेर आली. “हंगामीच. नवरा टाकीखाली गेला तेव्हा लावलं मला. आणखी काय विचारायचंय?”

मेहुण्यानं चपला घातल्या. त्याची गाडी मात्र समोरच्या फुटपाथलगत उभीच राहिली.

“दादा, काढू नकोस हं,” धाकटी म्हणाली. “नोकरी गेली तर गेली. त्या माणसानं काय केलं, हे आज वाचायला मिळेल अशी ही एकच जागा आहे.”

“काढतोय कोण?” तळटीपराव छाती काढून म्हणाले. आणि लढाईआधी तोफ साफ करावी, तसं त्यांनी ते पेपरचं कात्रण शोधून काढलं.

कात्रण एकदा वाचून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वाक्य शब्दन् शब्द तेच होतं. तारीख बघितली. मग ज्ञानकोशाच्या पानाचा इतिहास उघडला. कोणती ओळ कुणी, कधी घातली, ते तिथं मिनिटासकट नोंदलेलं असतं. ओळ कात्रणाच्या नऊ दिवस आधीची होती. लिहिणारे : तळटीपराव. संदर्भ : काही नाही.

धाकटीच्या नवऱ्याच्या तेराव्याला लिहिली होती त्यांनी ती. स्मशानात दहा जणांनी तेच सांगितलं होतं. वार्ताहरानं ती ज्ञानकोशातून उचलली, पेपरात छापली, आणि पुढे कुणा भल्या माणसानं तोच पेपर ओळीखाली संदर्भ म्हणून लावला. दहा वर्षं तळटीपराव आरशाकडे बोट दाखवून सांगत होते, की बघा, साक्षीदार आहे.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते पालिकेच्या अभिलेखागारात गेले. मेहुण्याची गाडी मागून त्यांच्या चालीनं येत होती. कारकूनबाईंनी सभेचं इतिवृत्त काढून दिलं. मंजुरीखाली सभापतींची सही होती, आणि ती दुसऱ्याच कुणाची होती. उमेदवार सभापती झाले ते पुढच्या वर्षी.

“मिळालं का हवं ते?” बाईंनी विचारलं.

“नको ते मिळालं,” तळटीपराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ओळ काढली. बदलाचं कारण विचारणाऱ्या चौकटीत लिहिलं : ‘विधान चुकीचे. ते मीच विनापुरावा घातले होते.’ शुक्रवार उजाडायचा होता. गावाला एवढंच कळणार होतं, की धमकी आली आणि म्हातारा वाकला.

अर्ध्या तासात मेहुणा फळांची टोपली घेऊन दारात. “शहाणे आहात!” तो रस्त्यावर ऐकू जाईल असं गरजला. “आता एवढं घाला : टाकी पडली तेव्हा भाऊंनी स्वतः ढिगारा उपसला.”

“पुरावा?”

“अहो, मी सांगतोय ना!”

“स्मशानातही दहा जण सांगत होते,” तळटीपराव म्हणाले. “टोपली उचला.”

दवाखान्यातून नुकतीच आलेली धाकटी मेहुण्याच्या मागेच उभी होती. तिनं टोपली उचलून त्याच्या छातीशी लावली आणि आत येऊन दार लोटलं.

“माझ्या नोकरीसाठी काढलीस?” तिनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर ती रडली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. तळटीपरावांनी तोंड उघडलंही.

“नाही,” ते म्हणाले. “ती खोटी होती. सही दुसऱ्याची आहे. वारले ते गृहस्थ.”

“मग त्यांचं नाव लिही.”

“मी नाही लिहायचं. माझं माणूस गेलंय त्यात. तेव्हाही मी लिहायला नको होतं. इतिवृत्त कुठं आहे, ते लेखाला जोडलेल्या चर्चापानावर नोंदवलंय. दुसरा कुणीतरी तपासेल आणि लिहील.”

“आणि कुणीच नाही लिहिलं तर?”

तळटीपरावांनी दोन पाट मांडले.

धाकटीनं दोन ताटं वाढली. त्यांच्या पानात रोजच्यासारखंच सगळं होतं, मीठसुद्धा त्यांना लागतं तेवढंच. मग स्वतःचं ताट उचलून ती आतल्या खोलीत गेली. तळटीपराव पाटावर ताठ बसले आणि एकही शीत न टाकता जेवले.