डोहाकडे जाणारं पाणी

रुपीला एक खोड लागली होती. सकाळी भट्टीवर मडकी चढवण्याआधी ती ओहोळावर जायची आणि पळसाचं एक फूल पाण्यात सोडायची. ते दगडांना अडखळत, गिरक्या घेत वळणाआड गेलं की मगच तिचा हात कामाला लागायचा.

"डोहाशी लगीन लावलंस काय गे?" शेजारच्या चुलीवरून सोमी विचारायची. "तुझ्या नवऱ्याला, कान्हाला सांगू?"

"सांग. त्याच्यापेक्षा बरा हाय. ओरडत तरी नाय."

ओहोळ डोंगरावरून पोशेरा गावाकडे उतरत होता आणि रुपीच्या माहेरच्या पाड्याला वळसा घालताना त्याचा डोह होत होता. त्या डोहात वर्षभर कोणी जाळं टाकत नसे. होळी झाली की सगळा पाडा मिळून गेळाची फळं कुटायचा, तो चोथा पाण्यात कालवायचा आणि गुंगून वर आलेले मासे घरटी वाटून घ्यायचा. पण सासरी गेलेल्या लेकी आल्याशिवाय डोह उघडायचा नाही आणि पाण्यात पहिलं पाऊल त्यांचंच पडायचं, अशी रीत होती. पोटऱ्यांभोवती चढत जाणारा तो गारवा रुपी सासरी जाताना बरोबर घेऊन गेली होती. भट्टीच्या धगीपुढे बसलं की तो तिला आठवायचा.

भट्टी काताची होती. ठेकेदाराने राजाच्या दरबारकडून रानातला खैर तोडायला घेतला होता. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, रस आटवायचा, वड्या पाडायच्या. साहेबांची कुठे तरी दूर लढाई चालली होती आणि पलटणीचे कपडे या रंगात बुडवतात म्हणे, असं मुकादम सांगायचा. त्यामुळे या साली चुली वाढल्या होत्या. उरलेलं तुरट, काळपट पाणी आणि उकळून निघालेल्या ढलप्या बाया ओहोळात ओतायच्या. दुसरीकडे कुठे ओतणार? उतार तिकडेच होता. रुपीचे तळवे तपकिरी झाले होते. राखेने घासले तरी ते उजळत नव्हते.

होळीनंतर ती माहेरी निघाली. पाड्याचा कारभारी नवसूकाका पानाचा शौकीन, म्हणून त्याच्यासाठी काताच्या वड्या पदरात बांधून घेतल्या.

पाड्यात शिरली तर "आली गे बाय" म्हणत कोणीच पुढे आलं नाही. भावाच्या, जिव्याच्या, अंगणात वहिनी फागी रिकामा हंडा घेऊन उभी होती.

"लांबच्या झऱ्यावर चाललेय," फागी म्हणाली. "डोह आपल्याला बंद केलाय."

मासे आधीच मरून वर आले होते. मासे वर येतात ते गेळाने, हे पाड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. गेळाचं झाड होतं जिव्याच्या बांधावर. बहीण यायची म्हणून याने गुपचूप डोह मारला, असं ठरून गेलं. रीत मोडणाऱ्याला डोहाचं पाणी बंद. त्याच्या घरावर पेंढा चढवायला कोणी येणार नव्हतं, भाताच्या आवणीला हात देणार नव्हतं.

"तुझ्यासाठी चोरी केली म्हणतात," जिव्या म्हणाला. हसायला गेला, पण हसू आलं नाही.

रुपी एकटी डोहावर गेली. पाणी चहासारखं दिसत होतं आणि त्याला शिळा वास येत होता. काठाला कचऱ्यात एक पळसाचं फूल अडकलं होतं. पळस तर या काठावरही होता. ते तिचंच म्हणायला काही आधार नव्हता. ती वाकली. पाण्याच्या रेषेवरच्या दगडांना तपकिरी पुट चढलं होतं. तिने त्यातल्या एका दगडावर हात टेकवला. दगड आणि तळवा एकाच रंगाचे होते.

हे बोललं नाही तर भाऊ चोर ठरत होता. बोललं तर रीत तिला लागू होणार होती आणि डोह तिला तुटणार होता.

मग ती उठली आणि नवसूकाकाच्या ओट्यावर गेली. पाच-सहा जण बसले होते. म्हातारा तिनेच फागीबरोबर पाठवलेला कात लावून पान चघळत होता.

"काका, गेळ दगड रंगवतं का?"

"नाय. का गे?"

तिने तळवे पुढे केले. "डोहातले दगड असे झालेत. मासे भट्टीच्या पाण्याने मेले. ते पाणी आम्ही ओततो. मी ओतते."

"भावाला सोडवायला बोलते," कोणी तरी म्हणालं.

"काताने मासा मरतो?" नवसूकाका हसला. "मग मी रोज खातो तो?"

"तुम्ही कातात राहत नाय, काका. मासा राहतो."

लोक हसले, पण रुपी हसली नाही. तिने झऱ्याच्या डबक्यातले बोटाएवढे मासे ओंजळीने पकडून हंड्यातून आणले, दोन मडक्यांत झऱ्याचंच पाणी घेऊन अर्धे अर्धे सोडले आणि दोन्ही मडकी एकाच सावलीत ठेवली. एकात काताची वडी कुस्करून ढवळली. मग सगळे वाट पाहत बसले. ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत एका मडक्यातले मासे पळत राहिले. दुसऱ्यातले वर येऊन तोंडं उघडायला लागले आणि एकेक करून कुशीवर वळले.

नवसूकाका पान थुंकून आला. "जिव्या," तो म्हणाला, "तुझा हंडा डोहावर ने." मग त्याने रुपीकडे पाहिलं, पण लगेच नजर काढून घेतली. "बाय, रीत..."

"ठाऊक हाय, काका. मासे परत येईपर्यंत मी पाण्यात पाय घालणार नाय."

"भट्टी बंद करशील?"

"ती माझी कुठे हाय?"

परतताना डोहाजवळून वाट जात होती. ती काठाकाठाने, पाणी पायाला लागू न देता गेली.

भट्टीवर आल्यावर तिने ओहोळापासून दूर, माळाच्या पलीकडच्या उतारावर खड्डा खणला. उकळून झालं की मडकं डोक्यावर घेऊन चढ चढायचं, ओतायचं, परत यायचं.

"पाय शिवशिवतायत का तुझे?" मुकादम ओरडला. "ओहोळ काय आटलाय?"

"नाय आटला, म्हणूनच," रुपी म्हणाली आणि चढायला लागली.

बाकीच्या बाया ओहोळातच ओतत होत्या. सोमी एकदा तिच्यामागून खड्ड्यापर्यंत आली, धापा टाकत खाली बसली आणि म्हणाली, "तुझा डोह लई महागडा हाय गे."

सकाळी रुपी फूल घेऊन ओहोळावर गेली. वरच्या चुलींचं पाणी काठाकाठाने काळं वाहत होतं. मध्ये कधी तरी ओतणं थांबेल, धार तुटेल आणि जरासं नितळ पाणी येईल, त्यावर फूल सोडू, असं तिला वाटलं. ती दगडावर बसून राहिली. फूल हातात कोमेजत चाललं होतं, आणि तिची नजर वरून येणाऱ्या पाण्यावर होती.